किडनीतल्या मोठ्या खड्यासाठी मिनी पीसीएनएल (पाठीतून बारीक भोक पाडून खडा काढायचं ऑपरेशन) केली, आता बरेच महिने झाले, कसं चाललंय ते

आधीच सांगतो, ऑपरेशनपेक्षा नंतर आत ठेवलेल्या स्टेंटने, म्हणजे किडनीपासून मूत्राशयापर्यंतच्या बारीक नळीने, जास्त छळलं.

माझा खडा किडनीत फाटे फुटून बसलेला, 2 सेंटीमीटरच्या बराच वर, त्यामुळे बाहेरून शॉक देऊन फोडायचा प्रकार बादच, एवढ्याचे तुकडे खाली येताना नळीत अडकतात. मग उरलं आरआयआरएस, म्हणजे लघवीच्या वाटेने लवचिक दुर्बीण घालून लेसर, नाहीतर पाठीतून भोक पाडून थेट किडनीत जायचं. भोक नको म्हणून माझं मन आरआयआरएसकडेच ओढत होतं पण एवढ्या खड्याला ते परत परत करावं लागू शकतं म्हटल्यावर पाठीतूनच ठरलं. मिनीमध्ये वाट 5-6 मिलिमीटरचीच असते, नेहमीच्या पीसीएनएलमध्ये 8 ते 10.

त्यात लघवीचं कल्चर (जंतू आहेत का ते बघायची तपासणी) पॉझिटिव्ह आलं आणि अँटिबायोटिकसाठी तारीख पुढे गेली. वैताग आला, पण खडा फुटताना त्यातले जंतू रक्तात गेले तर सेप्सिस, म्हणजे अंगभर पसरणारं जिवावरचं इन्फेक्शन, होऊ शकतो, तेव्हा कुणी कल्चर न करताच घाई करत असेल तर सरळ विचारा.

ऑपरेशनचं काय सांगणार, भूल होती. नंतर पाठीला नळी, पिशवीत लाल लघवी, बघून धसका बसतो पण रंग फिका होत जातो. नळी निघाली की पाठीचं दुखणं किरकोळ.

खरी मजा पुढे! डीजे स्टेंट आत असेपर्यंत लघवी करताना कमरेत अशी कळ यायची की भिंत धरून उभा राहायचो, स्टेंटमुळे लघवी उलटी वर चढते म्हणून. शिवाय सारखी लघवी लागल्यासारखी भावना, जरा जास्त चाललं की पुन्हा लाल. टॅमसुलोसिनच्या गोळीने थोडं सुसह्य झालं, गेलं नाही. काढताना मिनिटभराचं काम, त्याच दिवशी माणसात आलो. काढायची तारीख मात्र कुठेतरी ठळक लिहून ठेवा, राहून गेला तर स्टेंटवरच खडे चढतात आणि मग तो काढायलाच ऑपरेशन.

खडा तपासायला पाठवला होता, स्ट्रुवाइट निघाला, म्हणजे इन्फेक्शनमुळे होणारा. म्हणून मला पथ्याची यादी सांगणाऱ्यांकडे मी फार लक्ष देत नाही, पाणी भरपूर पितो आणि कल्चर वेळेवर करतो, माझ्यासाठी तेच महत्त्वाचं. नंतरच्या सीटीत खालच्या कप्प्यात बारीक तुकडा दिसलाय. या जातीच्या खड्यात उरलेल्या तुकड्यातही जंतू राहतात, तो पुन्हा वाढू शकतो, म्हणून सोनोग्राफी चालू आहे, आणि वाढलाच तर या वेळी आरआयआरएसने भागेल असं डॉक्टर म्हणतायत.