तांब्याचा 15 मिमी पाईप, गरम पाण्याच्या लाईनसाठी: काळा पडला तर पडू द्या, हिरवा दिसला तर हात लावून बघा

तांब्याच्या पाईपबद्दल हमखास येणारी तक्रार म्हणजे काही महिन्यांत चकाकी गेली, आधी तपकिरी झाला, मग काळपट. म्हणून माल खोटा ठरत नाही. हवेमुळे तांब्यावर ऑक्साइडचा थर बसतो आणि तोच पुढची झीज अडवतो. दर महिन्याला पितांबरी घेऊन तो घासून काढणं म्हणजे फुकटची हमाली.

हिरव्याचं तसं नाही. सांध्याभोवती कोरडा हिरवा पट्टा आणि खाली ओघळाच्या रेघा असतील, तर बहुधा डाख दिल्यावर फ्लक्स (डाख नीट धरावा म्हणून लावतात ती पेस्ट) पुसलेला नाही. कोमट पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसा, कोरडं करा आणि सांध्याला टिश्यू पेपर गुंडाळून रात्रभर ठेवा. सकाळी कागद कोरडा असला तर विषय संपला. ओला लागला तर सांधा झिरपतोय, तो नव्याने करावा लागेल. सांध्यापासून लांब, पाईपच्या मधोमध पांढरट-हिरवी खरखरीत गाठ आली असेल, तर तिथे टाचणीएवढं भोक पडलेलं असू शकतं. त्यावर एम-सील थापू नका; तेवढा तुकडा कापून कपलिंग टाका.

बेसिनमध्ये निळसर-हिरवे डाग पडतात तेव्हा तांबं पाईपच्या आतून सुटत असतं. बोअरचं पाणी असेल तर आधी पीएच तपासा, 6.5 च्या खाली नको. प्रयोगशाळेत दोन नमुने द्या: सकाळचं पहिलं पाणी, आणि नळ दोन-तीन मिनिटं सोडल्यानंतरचं. आयएस 10500 या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार लिटरला 0.05 मिलिग्रॅम तांबं चालतं. दुसरा स्रोतच नसेल तर 1.5 पर्यंत.

सरळ लाईनला 0.7 मिमी जाडीचा पाईप पुरतो. कापलेल्या टोकाची आतली धार रीमरने काढून घ्या, नाहीतर तिथे पाणी घुसळतं आणि पुढची भिंत खरवडत जातं. डाख शिसं नसलेलाच हवा. जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाईप जोडायचा असेल तर तो प्रवाहात तांब्याच्या आधी. नंतर जोडला तर विरघळलेलं तांबं त्याच्या आत बसून जस्त खातं. मध्ये पितळी युनियन टाका.

साध्या इलेक्ट्रिक गिझरला सीपीव्हीसी (गरम पाण्यासाठीचा प्लॅस्टिक पाईप) स्वस्तात भागवतो. सोलरला मात्र आमचं मत तांब्यालाच: उन्हाळ्यात पाणी वापराविना तापत राहिलं तर सीपीव्हीसीची 93 अंशांची मर्यादा तोकडी पडू शकते.