शेण, खरकटं, संडास की पाचट: घरच्या शेगडीला कोणतं इंधन?

सिलिंडरला पर्याय शोधायला निघालं की पहिली चौकशी बायोगॅस संयंत्राच्या, म्हणजे शेण-खरकटं हवाबंद टाकीत कुजवून गॅस देणाऱ्या बांधणीच्या, किमतीची होते. माझ्या मते पहिला प्रश्न वेगळा हवा: तुमच्या घरातून, गोठ्यातून रोज काय आणि किती किलो निघतं? त्यावरून शेगडी किती मिनिटं पेटेल ते काढता येतं, आणि निर्णय या मिनिटांवरच घ्यावा. घरगुती बायोगॅस शेगडीचा एक बर्नर तासाला साधारण 450 लिटर गॅस घेतो. पुढचा सगळा हिशेब या आकड्यावर आहे.

शेणापासून सुरुवात करू. एक किलो ओल्या शेणातून सुमारे 40 लिटर गॅस मिळतो. रोज दोन घनमीटर, म्हणजे 2000 लिटर गॅस देणाऱ्या संयंत्राला रोज 50 किलो शेण, म्हणजे गोठ्यातली चार-पाच मोठी जनावरं लागतात. त्यावर एक बर्नर चार तासांहून जास्त चालतो. चार-पाच माणसांचा दोन्ही वेळचा स्वयंपाक निघतो. सिलिंडरची गरज जवळजवळ संपवेल असा या चारांतला हा एकच पर्याय. पण जनावरं दिवसभर रानात चरत असतील तर बरंचसं शेण तिथेच पडतं. शिवाय शेणाइतकंच पाणी रोज कालवावं लागतं. जिथे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, तिथे हे 50 लिटर कुठून येणार ते आधी ठरवा.

बांधणीचे दोन प्रकार सर्रास दिसतात. खादी ग्रामोद्योगाच्या पद्धतीत लोखंडी टाकी तरंगते आणि गॅस किती साठलाय ते लांबून दिसतं. मात्र टाकी गंजते, दरवर्षी रंग द्यावा लागतो. दुसरा प्रकार म्हणजे 1984 साली आलेलं दीनबंधू संयंत्र, पूर्ण विटांचं, जमिनीत गाडलेलं आणि स्वस्त. त्याच्या घुमटाला बारीक तडा गेला तरी गॅस निसटतो, त्यामुळे या बांधकामाचा अनुभव असलेलाच गवंडी हवा. तो मिळत असेल तर मी दीनबंधू निवडेन. थंडीत गॅस कमी होणार हे दोन्हीकडे धरून चाला, कारण शेण कुजवून गॅस करणाऱ्या जिवाणूंना 35 अंशांच्या आसपासची ऊब मानवते. शेण कोमट पाण्यात कालवलं आणि वरून पाचट अंथरलं तर बराच फरक पडतो. गॅस निघून गेल्यावर बाहेर पडणारी स्लरी, म्हणजे पातळ खत, शेतात जाते. ज्यांच्याकडे शेती आहे त्यांनी फायदा मोजताना गॅसइतकंच वजन तिलाही द्यावं.

गोठा नसलेल्यांना खरकट्याच्या संयंत्राचं आकर्षण वाटतं. पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी ते विकसित केलं, आणि 2006 साली त्याला शाश्वत ऊर्जेच्या कामासाठी दिला जाणारा ब्रिटनचा ॲशडेन पुरस्कार मिळाला. पाण्याच्या दोन प्लॅस्टिक टाक्या, एकात एक उलटी बसवलेली, गच्चीवरही मावते. पिष्टमय किंवा गोड पदार्थ दोन किलो टाकले की सुमारे 500 ग्रॅम मिथेन (बायोगॅसमधला जळणारा वायू), असा त्याचा हिशेब सांगितला जातो. हे वजन कोरड्या मालाचं आहे, हे लक्षात घ्या. भाजीचे देठ, साली, उरलेला भात यांत निम्म्याहून कितीतरी जास्त पाणीच असतं. चौघांच्या घरातून रोज किलोभर ओलं खरकटं निघालं तर शेगडी 20 मिनिटांच्या आसपास पेटेल. चहा आणि वरणाला फोडणी होईल, भाकऱ्या होणार नाहीत. खानावळ, पिठाची गिरणी किंवा आंब्याचा रस काढण्याचा उद्योग असेल तर मात्र हे संयंत्र जरूर घ्या.

त्याची प्रकृती नाजूक असते. पाहुणे आले म्हणून एकदम बादलीभर शिळं ओतलं की आतलं आंबट होतं, वास सुटतो आणि गॅस पेटत नाही. मग काही दिवस खाणं बंद, थोडी चुन्याची निवळी आणि ताजं शेण, एवढाच उपाय. सुरुवातीलाही शेणकाला भरून काही आठवडे थांबावं लागतं.

संडासाच्या गॅसचं काम देहूच्या डॉ. सु. वि. मापुसकरांनी निष्ठेने उभं केलं. त्यांचं मॉडेल ‘मलप्रभा’. माणशी रोज 25 ते 30 लिटर गॅस मिळतो, म्हणजे पाच माणसांच्या घरात जेमतेम वीस मिनिटं. शंभर मुलांच्या आश्रमशाळेत तोच गॅस अडीच घनमीटरवर जातो आणि मैल्याचाही प्रश्न सुटतो. घरच्यासाठी संडास वेगळा न ठेवता शेणाच्या संयंत्राला जोडा. मग फिनेल आणि ॲसिड बंद; त्याने आतले जिवाणू मरतात.

उसाच्या पाचटाच्या कोळशालाही ‘आरती’ला 2002 मध्ये ॲशडेन मिळाला होता. बंद भट्टीत पाचट जाळून कोळसा करायचा, खळ घालून कांड्या पाडायच्या. कांड्यांना धूर नाही, पण कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू सुटतो. दारं-खिडक्या लावून त्या कधीही पेटवू नका. स्वतःच्या खोडव्यात (तोडणीनंतर पुन्हा फुटलेल्या उसात) पाचट कुजवणं शक्य असेल तर ते तिथेच ठेवा, जमिनीला त्याची जास्त गरज आहे. जे पाचट एरवी फडातच पेटवून दिलं जातं, त्याचाच कोळसा करावा.

चार जनावरं आणि विहिरीला बारमाही पाणी असेल तर दीनबंधूची चौकशी पंचायत समितीच्या कृषी विभागात आजच करा. अनुदान चालू आहे का, ते खड्डा खणायच्या आधी विचारा. शेगडी बायोगॅसचीच घ्या, कारण सिलिंडरच्या शेगडीचं भोक या गॅसला अरुंद पडतं. नळीला सर्वांत खालच्या जागी पाणी काढायची तोटी बसवून घ्यायला विसरू नका. ज्योत फडफडू लागली की बहुधा नळीत पाणी साचलेलं असतं.