काळी पडणारी बाटली घरात असूच द्या

गेल्या पावसाळ्यात कळव्याच्या आमच्या सोसायटीत नळाला वास मारणारं पाणी आलं. दुसऱ्या मजल्यावरच्या आजींना जुलाब लागले, तेव्हा आधीच मागवून ठेवलेल्या दोन एचटूएस बाटल्या, म्हणजे पाण्यात मैला मिसळलाय का हे घरीच तपासायच्या बाटल्या, काढल्या. एकीत थेट लाइनचं पाणी खुणेपर्यंत भरलं, दुसरीत तळटाकीचं. 24 ते 48 तासांत पाणी काळं पडलं, तर मैला मिसळल्याचा दाट संशय. लाइनची बाटली तशीच राहिली, टाकीची सकाळीच काळी ठिक्कर! शेजारच्या ड्रेनेजचं पाणी आत झिरपत होतं. टाकी त्याच दिवशी उपसली.

रसायनं मात्र या बाटलीला कळत नाहीत. शिवाय निकालाची वाट बघत बसू नका, तोवर पाणी खळखळून उकळाच. वापरलेली बाटली ब्लीचिंग टाकूनच फेका.