तूरमधला जुलै: फ्रेंच कोर्स ठीकठाक, मादामचं जेवणाचं टेबल उत्तम

सेकंड इयर संपल्यावर चार आठवडे फ्रान्समधल्या तूर शहरात फ्रेंच शिकायला गेले होते. (हो, तूर. डाळीवरचे सगळे विनोद करून झालेत.) शाळेचं नाव देत नाही, कारण तक्रारी आहेत. पण ज्युनियर्स सारखं विचारतात, "पैसे वसूल होतात का गं?" म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते.

तूर का, तर पॅरिसमध्ये तुम्ही तोंड उघडलंत की समोरचा इंग्रजीत सुरू होतो. इथे तसं कमी होतं. शिवाय "सर्वांत शुद्ध फ्रेंच लुआर नदीच्या या पट्ट्यातलं" अशी जुनी ख्याती आहे. शुद्ध भाषेचा अभिमान कुठल्या गावाला नसतो म्हणा! पॅरिसच्या मोंपार्नास स्टेशनवरून तेजेवे या अतिवेगवान गाडीने साधारण सव्वा तास. कोर्स नव्वद दिवसांच्या आतला, त्यामुळे शॉर्ट-स्टे शेंगेन व्हिसावर भागलं.

पहिल्या दिवशी लेव्हल ठरवायची परीक्षा झाली, आणि इथेच पहिला घोळ. परीक्षा जवळजवळ सगळी लेखी. आपण व्याकरण घोकून गेलेलो, सबजंक्टिव्हसुद्धा पाठ. मला थेट बी-वन, म्हणजे मधल्या पातळीच्या वर्गात टाकलं. वर्गात बाईंनी "वीकेंडला काय केलंस?" विचारलं तर माझी दातखीळ. ऑफिसात जाऊन खालचा वर्ग मागितला, उत्तर मिळालं की एक आठवडा थांबा. आठवडाभर थांबले, तोवर खालचा वर्ग भरला. पत्रकात जास्तीत जास्त बारा विद्यार्थी लिहिलं होतं. आम्ही सतरा होतो, आणि ब्रेक झाला की सगळे इंग्रजीत.

शिकवणाऱ्या बाई मात्र चांगल्या. फ्रेंचमधला 'u' आपल्याकडे नाही, तो त्यांनी दोन मिनिटांत बसवला: ओठांचा चंबू 'ऊ'सारखा करायचा आणि आतून 'ई' म्हणायचं. आपल्याला लिंगांची सवय असते, ती मदतही करते आणि दगाही देते. खुर्ची तिथेही बाई, पण चंद्र आणि समुद्रही बायकाच. महिनाभर मी चंद्राला पुरुष करत राहिले.

दुपारच्या 'संस्कृती पॅकेज'चे वेगळे 220 युरो घेतले. ते घेऊ नका. चीजवर स्लाइड शो! बाहेर ले आलच्या बाजारात सेंत-मोर नावाचं बकरीच्या दुधाचं चीज समोर ठेवलेलं असतं, लांबट, राख लावलेलं, मधोमध राय धान्याच्या काडीसकट, आणि आम्ही आत बसून त्याचा फोटो बघतोय. शनॉन्सोच्या राजवाड्याच्या सहलीला गाइड इंग्रजीत बोलला. मग पुढच्या रविवारी मी एकटी लोकल गाडीने परत गेले. अर्धा तास लागतो, स्टेशन राजवाड्याच्या दारातच. शेर नदीवर पूल, पुलावर दालन. पहिल्या महायुद्धात त्या दालनात जखमी सैनिकांचं हॉस्पिटल होतं. दुसऱ्यात हीच नदी जर्मनव्याप्त भागाची हद्द झाली, आणि दालनाचं पलीकडचं दार मोकळ्या भागात उघडायचं. हे सगळं मी फलक वाचून, शब्दकोश उघडून, दोन तासांत समजून घेतलं. पॅकेजपेक्षा जास्त फ्रेंच त्या दिवशी झालं. फुकट हवं असेल तर कलासंग्रहालयाच्या अंगणात 1804 साली लावलेला लेबननचा देवदार आहे, आणि समोरच्या शेडमध्ये पेंढा भरलेला फ्रिट्झ नावाचा सर्कशीतला हत्ती. त्याला 1902 मध्ये याच शहरात मारलं. ती गोष्ट तिथल्या कुणा आजोबांना विचारा, अर्धा तास ऐकण्याचा सराव होतो.

आता ज्यासाठी पैसे वसूल झाले ते. राहण्याचे दोन पर्याय होते, हॉस्टेल किंवा कुटुंबात, सकाळ-संध्याकाळच्या खाण्यासकट. कुटुंब घ्या, डोळे मिटून. माझ्या मादाम सत्तरीच्या, एकट्या राहणाऱ्या, शिस्तीच्या. ऊन चढायच्या आत सगळ्या लाकडी झडपा बंद, रात्री उघड्या. एसी नाही आणि त्याची गरज आहे हे त्यांना मान्य नाही. मी शाकाहारी म्हटल्यावर पहिल्या दिवशी मासा वाढला. नंतर अंडी, रातातुई (भाज्यांचा रस्सा), मसुराचं सॅलड, आणि रोज चीज.

तिसऱ्या संध्याकाळी त्या म्हणाल्या, "या प्लू द पँ." मला ऐकू आलं 'प्लूस', म्हणजे अजून पाव आहे. मी "मेर्सी" (धन्यवाद) म्हणून हसत बसून राहिले. त्याही बसून राहिल्या. पुन्हा तेच वाक्य, आता जरा मोठ्याने. मग टोपली उलटी करून दाखवली. पाव संपला होता! वर्गात शिकवतात की नकारात 'न' लागतो. घरात तो 'न' कुणी उच्चारत नाही, आणि मग 'आणखी' आणि 'संपलं' यांत फरक उरतो फक्त शेवटच्या एका 'स'चा. हा धडा कुठल्याही वर्कबुकात असेल, पण मला तो रिकाम्या टोपलीने शिकवला.

मग मला खाली बेकरीत पिटाळलं. "ऊन बागेत, सिल वू प्ले," मी म्हटलं, म्हणजे 'एक बागेत (लांबट काडीसारखा पाव) द्या'. दुकानदारीणबाई माझ्याकडे बघून सावकाश म्हणाल्या, "बोंझूर." आणि थांबल्या. मीही "बोंझूर" म्हटल्यावरच पाव हलला. मादामनी नंतर सांगितलं की साधा बागेत नको, 'ट्रादिसिऑं' माग. 1993 च्या सरकारी नियमानुसार त्यात पीठ, पाणी, मीठ आणि यीस्ट किंवा आंबवण, एवढंच मुख्यत्वे. दुसऱ्या दिवशीपासून ते काम माझ्याकडे लागलं.

आठवड्याभराने त्यांनी विचारलं, आता एकमेकींना 'त्यू' म्हणायचं का? म्हणजे अरे-तुरे करायचं का. सत्तरीच्या बाईंना अगं म्हणायला जीभ वळेना. मी शेवटपर्यंत 'वू'च (आदराचं 'तुम्ही') करत राहिले आणि त्या दर वेळी खोटं रागावत राहिल्या.

ऑगस्टमधला कोर्स मात्र टाळा. जुलै संपता संपताच आमच्या बेकरीवर वार्षिक सुट्टीची पाटी लागली.

शेवटच्या दिवशी प्रमाणपत्र मिळालं, तर त्यावर वडिलांचं नाव! पासपोर्टात माझ्या नावापुढे त्यांचं नाव, तेच उचललं होतं. ऑफिसात गेले, आधी बोंझूर म्हटलं, मग आपल्याकडे मधलं नाव कसं लावतात ते समजावलं. बाई म्हणाल्या, उद्या मिळेल. माझी गाडी सकाळी आठची. "नों मादाम, ओझुर्दुई." (नाही, आजच.) दहा मिनिटांत नवं छापून मिळालं.