पंप उत्तम, होज कुचकामी: पुंटो अबार्थमधील 255 लिटरच्या पंपाचा वापरानंतरचा अनुभव

माझ्या फियाटच्या पुंटो अबार्थमध्ये बसवलेल्या ताशी 255 लिटर क्षमतेच्या इंधन पंपाविषयी मी पावसाळ्यापूर्वीच लिहिणार होतो, आणि तेव्हा लिहिले असते तर तो सगळा मजकूर पंपाच्या आवाजाविरुद्धची तक्रार ठरला असता. मध्यंतरी कुंभार्ली घाट चढताना गाडीने मान टाकली आणि तक्रारीचा रोख पार बदलला.

पंप बदलण्याचे कारण साधे होते. ईसीयूचे, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाचे, ताकद वाढवण्यासाठी रीमॅपिंग केल्यानंतर वरच्या आरपीएमला पूर्ण अॅक्सिलरेटर दिला की गाडी अडखळत असे. दाबमापक लावून पाहिले, तर एरवी साडेतीन बारवर स्थिर असणारा इंधनाचा दाब नेमका त्याच क्षणी खाली येत होता. मूळ पंप थकला होता. टाकीच्या आत पंप धरून ठेवणारे संपूर्ण मॉड्यूल नवे घेण्याऐवजी त्याच मॉड्यूलमध्ये बाहेरून घेतलेला पंप बसवल्यास साधारण एक तृतीयांश खर्चात काम होत होते, आणि माझ्यासारख्या हात आखडता ठेवणाऱ्या माणसाला एवढे कारण पुरेसे होते.

आता 255 या आकड्याविषयी, कारण त्यावर विनाकारण फार भाळले जाते. टर्बो पेट्रोल इंजिनाला पूर्ण भारावर एका अश्वशक्तीमागे ताशी साधारण पाव किलो पेट्रोल लागते. मूळ 145 अश्वशक्तीसाठी हा हिशेब ताशी 36 किलोंच्या, म्हणजे जेमतेम 49 लिटरच्या आसपास जातो. रीमॅपिंगनंतर 170 धरली तरी 57 लिटरांवर तो थांबतो. उरलेले सगळे पेट्रोल दाब ठरावीक राखणाऱ्या रेग्युलेटरमधून पुन्हा टाकीत सोडले जाते. दोघांच्या स्वयंपाकाला पंगतीचे पातेले चढवण्याचाच हा प्रकार आहे. मूळ रेग्युलेटरला हा लोंढा पुरता झेपत नाही, त्यामुळे माझ्या गाडीत आयडलिंगला दाब 3.8 बारपर्यंत चढतो. इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरमधून जाणारे इंधन दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढत असल्याने ही वाढ सुमारे चार टक्के भरते, आणि ईसीयू तितकेच इंधन कापून मिश्रण जागेवर आणतो. स्कॅनरवर लाँग टर्म फ्यूएल ट्रिम, म्हणजे ईसीयूने इंधनात केलेली टक्केवारीतील दुरुस्ती, उणे चारच्या आसपास दिसते, ते यामुळेच. याहून कमी क्षमतेचा पंप मिळत असेल, तर या इंजिनाला तोही पुरून उरेल.

वायरिंगबाबत मात्र काटकसर करू नये. हा पंप मूळ पंपापेक्षा बराच जास्त करंट ओढतो. जुन्या बारीक वायरमध्ये व्होल्टेज पडले की विकत घेतलेली क्षमता तिथेच गळून जाते. बॅटरीपासून फ्यूजसह वेगळी जाड वायर आणि रिले घ्यावा, पण त्या रिलेला चालना मूळ पंपाच्या वायरवरूनच द्यावी. असे केले नाही, तर अपघातात धक्का बसताच पेट्रोल तोडणारा मूळ स्विच निरुपयोगी होतो.

आवाजाविषयी माझे मत मवाळ झाले आहे. गिअरसारख्या दातांच्या या पंपाची बारीक शिट्टी मागच्या सीटवर ऐकू येते, आणि टाकी रिकामी होत गेली की ती वाढते. तसेही टाकीतले पेट्रोलच पंपाला थंड ठेवते, म्हणून मी काटा पावाच्या खाली जाऊ देत नाही. परिणामी शिट्टीही आटोक्यात राहते.

घाटात जे झाले, त्याचा पंपाशी काहीही संबंध नव्हता. गाडी सपाट रस्त्यावर कशीबशी धावत होती, चढावर मात्र ओढ अजिबात नव्हती, आणि चेक इंजिनचा दिवा लागलेला होता. चिपळूणला परत येऊन मापक लावला, तेव्हा आयडलिंगलाच दाब दोन बारच्या आसपास होता. पंप जळाला असे सर्वांनीच ठरवून टाकले. मागच्या सीटखालचे झाकण उघडून मॉड्यूल बाहेर काढले, तर पंप थेट बॅटरीवर ठणठणीत फिरत होता. पंपाच्या तोंडापासून मॉड्यूलच्या नळीपर्यंत जाणारा बोटभर लांबीचा रबरी होज तेवढा फुगून मऊ पडला होता, आणि क्लिपच्या खाचांनी जिथे तो कापला होता, तिथे उभी चीर गेली होती. दाबून पाहिला, तेव्हा बोटांना काळे लागले. चीर टाकीच्या आतच असल्याने बाहेर ना थेंब, ना वास.

हा होज किटसोबतच्या सीलबंद पाकिटातून आला होता, आणि त्याच्यावर एका अक्षराचाही छाप नव्हता. साधा इंधनाचा होज आतून पेट्रोल वाहण्यासाठी असतो. चोवीस तास पेट्रोलमध्ये बुडून राहण्यासाठी त्याचे बाहेरचे आवरण बनवलेले नसते. टाकीच्या आत एसएई जे30आर10 असा छाप असलेलाच होज लागतो. जे30आर7 किंवा जे30आर9 पाहून समाधान मानू नये, आणि 20 टक्के इथेनॉलचे पेट्रोल भरणाऱ्यांनी तर मुळीच नाही, कारण इथेनॉल अयोग्य रबराला लवकर फुगवते. आर10 होज महाग असतो, पण लागतो बोटभरच. त्यावर खाचांची स्क्रू क्लिप न लावता गुळगुळीत पट्टीची इंजेक्शन क्लिप लावावी. मॉड्यूल परत बसवताना आणखी एक अडचण येते: पेट्रोलने फुगलेली जुनी सील रिंग खाचेत बसतच नाही, म्हणून नवी रिंग आधीच आणून ठेवावी.

नवा होज पडल्यापासून दाब पूर्ववत आहे, पूर्ण भारावरही तो ढळत नाही, आणि गाडी वरच्या आरपीएमपर्यंत एका दमात खेचते. हा पंप मी पुन्हा घेईन, मात्र त्याच दुकानातून नाही. विक्रेत्याचे म्हणणे असे, की पंप चालतो आहे तर वॉरंटी कसली. होज ही ‘ॲक्सेसरी’ आहे. टाकी पुन्हा उघडण्याची मजुरी पंपाच्या किमतीच्या निम्म्यावर गेली, हे सांगितल्यावर त्याने फोन ठेवून दिला. मी बिलाच्या प्रतीसह लेखी तक्रार केल्यावर त्याने भरपाई म्हणून त्याच बिनछापी होजचा दुसरा तुकडा पाठवला, आणि कुरिअरचा खर्च मात्र माझ्याकडून वसूल केला.