पाळणाघरातलं जेवण: डबा की ताजं शिजवलेलं, भरवायचं की हाताने खाऊ द्यायचं?

घरी पाळणाघर सुरू करताना जागा, खेळणी, झोपायच्या गाद्या, फी यांचा हिशेब आधी होतो. जेवणाचा विचार बहुतेक वेळा पहिलं मूल आल्यावर सुरू होतो, आणि तेव्हा जी पद्धत पडते तीच पुढे वर्षानुवर्षं चालते. म्हणून ती आधीच ठरवावी. दुपारी बाराच्या सुमाराला एक ते तीन वर्षांची सहा-सात मुलं एकदम भुकेली होतात. त्यातलं एखादं पेंगत असतं, एखाद्याला स्वतःचं ताट नको असतं आणि एखाद्याला शेजारच्याचंच हवं असतं. तेव्हा नवीन काही सुचत नाही, हाताला सवय असेल तेच होतं.

खाली मी दोन-दोन पर्याय शेजारी ठेवून पाहिले आहेत. प्रत्येक ठिकाणी माझा पहिला प्रश्न एकच आहे: या पद्धतीत जेवणाच्या अर्ध्या तासात ताईचे डोळे कुठे असतात? घशात घास पूर्ण अडकलेलं मूल ओरडत नाही, खोकतही नाही. ते गप्प होतं. ते ऐकू येत नाही, बघावंच लागतं.

घरून डबा की पाळणाघरात शिजवलेलं

डब्याच्या बाजूने पुष्कळ काही आहे. मुलाला ओळखीची चव मिळते. जैन घरातलं मूल, अंडं न चालणारं मूल, गव्हाची किंवा दुधाची अ‍ॅलर्जी असलेलं मूल, सगळ्यांचा प्रश्न आपापल्या घरी सुटलेला असतो. तुमचा गॅस, किराणा आणि सकाळचा वेळ वाचतो. खर्च वाचल्यामुळे फी कमी ठेवता येते.

पण डबा सकाळी साडेसातला भरला जातो आणि बाराला उघडतो. शिजवलेलं ओलसर अन्न ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या मधल्या तापमानात दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकाच तासात संपवावं, असा अन्नसुरक्षेचा सर्वमान्य नियम आहे. आपल्याकडचा एप्रिल-मे डोळ्यांसमोर आणा. भात, दूध घातलेले पदार्थ, अंडं, उसळ यांना साडेचार तास फार होतात. दशमी, थालीपीठ, तेल-तिखट लावलेली पोळी अशा कोरड्या पदार्थांचं इतकं भय नाही, पण दीड वर्षाच्या मुलाला ते एकटे पुरत नाहीत. डबे आल्या आल्या फ्रिजमध्ये ठेवून जेवताना वाफ येईपर्यंत गरम केले तर धोका बराच कमी होतो. मात्र सात डबे उघडून, गरम करून, पुन्हा कोमट होईपर्यंत थांबायचं म्हणजे ऐन भुकेच्या वेळी ताईची पाठ मुलांकडे असते. मला डब्याची ही सर्वांत मोठी अडचण वाटते.

दुसरी अडचण डब्यातल्या मापाची. आई-बाबा मुलाने किती खावं असं त्यांना वाटतं तेवढं भरतात. मूल त्याला हवं तेवढं खातं. उरलेला डबा संध्याकाळी घरी जातो आणि दुसऱ्या दिवशी त्याचा जाब विचारला जातो. मग डबा रिकामा करणं हेच ताईचं काम होऊन बसतं, आणि त्यातून बळजबरी सुरू होते.

पाळणाघरात शिजवलं तर सगळ्यांच्या ताटात एकच पदार्थ असतो. घरी भोपळ्याला हात न लावणारं मूल शेजारचा खातोय हे बघून खायला लागतं, हे पाळणाघर चालवणारी कोणतीही ताई सांगेल. मुगाची खिचडी, तूप-लिंबू घातलेला वरणभात, मेतकूट-भात, भाज्या किसून घातलेली धिरडी, आमटीत कुस्करलेली पोळी, नाचणीची पेज, एवढ्यावर आठवडा छान निघतो. लिंबू चवीपुरतंच नाही, त्यातल्या क जीवनसत्त्वामुळे डाळीतलं आणि पालेभाजीतलं लोह अंगी लागायला मदत होते.

याची किंमत म्हणजे सकाळचे दोन तास आणि अ‍ॅलर्जीची पूर्ण जबाबदारी. मराठी स्वयंपाकात दाण्याचा कूट कुठे कुठे जातो ते आठवा: कोशिंबीर, वांग्याची भाजी, साबुदाण्याची खिचडी, चटणी. प्रवेशाच्या वेळी शेंगदाणे, दूध, अंडं आणि गहू या चारही गोष्टींबद्दल लेखी विचारून घ्या आणि तो कागद स्वयंपाकघरात लावा. स्वयंपाक अकराच्या आत उरकता येत नसेल तर शिजवायच्या भानगडीत पडू नका. मुलं ताटावर बसलेली असताना गॅसपाशी उभं राहणं डबे गरम करण्याहूनही वाईट.

मदतीला कुणी असेल तर माझा कौल शिजवण्याला आहे. एकट्याने चालवत असाल तर मधला मार्ग चांगला: सकाळचा नाश्ता घरच्या डब्यातला, तो आल्यावर तासाभरात खाऊन होतो, आणि दुपारी तुमच्याकडचा एकच साधा गरम पदार्थ. पातेलंभर खिचडी सात डब्यांपेक्षा कमी वेळ खाते.

भरवायचं की हाताने खाऊ द्यायचं

पालकांशी सगळ्यात जास्त बोलावं लागतं ते इथे, म्हणून जरा सविस्तर.

आपल्याकडे पाळणाघरात एक पद्धत सर्रास दिसते. मोठ्या ताटात वरणभात कालवायचा, मुलांना गोल बसवायचं आणि एकाच हाताने एकेकाला घास देत फिरायचं. सांडलवंड होत नाही, वीस मिनिटांत सगळं आटोपतं, फरशी स्वच्छ राहते. पालकांनाही ऐकायला बरं वाटतं की ताई स्वतः भरवतात.

या पद्धतीचे तोटे मात्र नीट पाहायला हवेत. एकच हात सात तोंडांना लागला की एकाची सर्दी, जुलाब किंवा हात-पाय-तोंडाचा विकार सातही घरांत पोचतो. कुणी किती खाल्लं याचा अंदाज राहत नाही. हळू चावणाऱ्या मुलाच्या गालात मागचा घास असतानाच पुढचा येतो. आणि भरवणाऱ्या ताईचं लक्ष पुढच्या तोंडाकडे असतं. ज्याला आत्ताच घास दिला तो कसा गिळतोय, हे तिला दिसत नाही.

स्वतःच्या हाताने खाणाऱ्या मुलांत ताईचे हात मोकळे होतात, तिचे डोळेही. ती समोर बसून सगळ्यांना एका नजरेत ठेवू शकते. माझ्यासाठी निर्णय इथेच होतो. त्याशिवाय बाकीचे फायदे आहेतच: मूल पोट भरलं की थांबायला शिकतं, चावायला शिकतं, बोटांना वळण लागतं. साधारण नऊ महिन्यांच्या सुमारास बाळ अंगठा आणि बोटाच्या चिमटीत वस्तू उचलू लागतं. दीड वर्षाचं झालं की चमचाही धरतं, अर्धा सांडतो तो भाग वेगळा.

अडचणी खऱ्या आहेत. पहिले काही आठवडे मूल कमी खातं. फरशी, भिंत, केस, सगळीकडे भात. वेळ जास्त लागतो. अन्नही हातात येईल असं करावं लागतं: पातळ वरणभाताऐवजी घट्ट खिचडीचे लहान मुटके, धिरड्याच्या पट्ट्या, उकडलेल्या बटाट्याच्या आणि रताळ्याच्या मऊ फोडी.

पालकांना पटवताना वजनाचं गणित सांगा. पहिल्या वर्षात बाळाचं वजन जन्माच्या सुमारे तिप्पट होतं. दुसऱ्या वर्षात ते साधारण दोन-अडीच किलोच वाढतं. वाढीचा वेग उतरला की भूकही उतरते. "आधी किती छान खायचा, आता तोंडच उघडत नाही" ही तक्रार नेमकी याच वयात येते आणि बहुतेक वेळा तिच्यामागे आजार नसतो. दिवसभरात अर्ध्या लिटरपेक्षा जास्त दूध पोटात जात असेल तर मात्र आधी ते कमी करायला सांगा. दुधाने पोट भरतं आणि जेवण मागे पडतं. खाणं खूपच घटलं, वजन उतरू लागलं किंवा मूल मलूल वाटलं तर बालरोगतज्ज्ञांकडे पाठवायला उशीर करू नका.

नवीन भाजी एकदा थुंकली म्हणजे नावडती ठरत नाही. काही मुलांना ती आठ-दहा, कधी पंधरा वेळा समोर यावी लागते, मग ती चाखून बघतात. आग्रह न करता ताटाच्या कडेला तिची एक फोड ठेवत राहणं पाळणाघरात घरापेक्षा सोपं जातं, कारण तिथे शेजारी कुणीतरी ती खात असतं. काय वाढायचं, कधी आणि कुठे, हे ताईने ठरवावं. किती खायचं ते मुलाने.

एक वर्षाखालच्या बाळांना हा नियम जसाच्या तसा लावू नका. २०१७च्या दुरुस्तीपासून कायद्याने मिळणारी बाळंतपणाची रजा पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची आहे. म्हणजे आई कामावर परत जाते ती नेमकी उष्टावणाच्या सुमारास, आणि बाळाचे पहिले घास अनेकदा तुमच्याच हातून होतात. या बाळांना भरवायचंच, पण एकेकाला, त्याच्या वेगळ्या वाटी-चमच्याने. एक चमचा त्याच्या हातात द्या, दुसरा तुमच्या. तोंड फिरवलं की थांबायचं. वर्षाच्या आत मध अजिबात नाही, आजीने घरून पाठवला असला तरी.

भरवताना टीव्ही किंवा मोबाईल लावण्याच्या मी पूर्ण विरोधात आहे. मूल पडद्याकडे बघत तोंड उघडतं, त्याला पोट भरल्याचं कळत नाही, आणि घरी त्याच सवयीशी आई-बाबांना झगडावं लागतं.

एक पंगत की दोन पाळ्या

कार्यालयांच्या पाळणाघरांसाठी केंद्र सरकारने २०१८ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत तीन वर्षांखालच्या दहा मुलांमागे एक प्रशिक्षित ताई आणि सोबत मदतनीस असं प्रमाण आहे. खेळाच्या वेळी ते ठीक असेल. जेवणाच्या वेळी मदतनीस नसताना एकटीने पाच-सहापेक्षा जास्त मुलं घेऊ नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

सगळी दीड वर्षाच्या पुढची असतील तर एक पंगत उत्तम. लहान बाळं मिसळलेली असतील तर दोन पाळ्या करा: बाळं सव्वाअकराला, बाकीची बाराला. पण पहिल्या पाळीच्या वेळी मोठी मुलं दुसऱ्या खोलीत एकटी राहणार असतील तर पाळ्यांचा उपयोग नाही. त्यांना त्याच खोलीत, नजरेसमोर, ठोकळे किंवा चित्रं देऊन बसवा. जेवण अर्ध्या तासात संपवा. त्यानंतर ताटाशी फक्त खेळ होतो.

खुर्ची की चटई

उंच खुर्ची एका बाळासाठी चांगली, पट्टा लावलेला असेल तरच. सात खुर्च्या वन बीएचकेत मावत नाहीत. चटईवरून पडायची भीती नाही, पण तिथून उठून पळणं सोपं. तोंडात घास घेऊन धावणारं मूल मला सगळ्यात जास्त घाबरवतं. म्हणून चटईचा एकच नियम: उठलं की ताट उचललं. रागावायचं नाही, फक्त उचलायचं. थोड्या दिवसांत मुलांना ते कळतं.

कोणताही पर्याय घ्या, काही पदार्थ दाराच्या आत येऊ देऊ नका. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, पॉपकॉर्न, कच्च्या गाजराचे तुकडे, कडक गोळ्या. पहिल्या दाढा साधारण सव्वा-दीड वर्षाच्या आसपास येतात आणि दुसऱ्या दोन ते पावणेतीन वर्षांपर्यंत. तोवर, आणि नंतरही काही काळ, मुलं दाणा चावत नाहीत, श्वासाबरोबर आत ओढून घेतात. द्राक्षांच्या दिवसांत प्रत्येक द्राक्ष उभं चिरून चार भाग करा. वाढदिवसाला आलेला खाऊ आधी तुम्ही उघडून बघा. घास अडकला तर काय करायचं, म्हणजे पाठीवर पाच थापा, आणि त्याने निघाला नाही तर वर्षाखालच्या बाळाला छातीवर आणि मोठ्याला पोटावर दाब, हे कुणाकडून तरी हाताने करून शिकून घ्या. वाचून ते येत नाही. न दिसणारा घास काढायला तोंडात आंधळेपणाने बोट घालू नका.

प्रवेश पक्का करण्याआधी पालकांना एकदा दुपारी बाराला बोलवा. त्यांना सांडलेला भात दिसू दे, मूल स्वतः खातंय तेही दिसू दे. संध्याकाळी त्यांना "सगळं संपवलं" असं सांगण्यापेक्षा "खिचडी दोन मुटके, भोपळा चाखला, ताक प्यायला" असं वहीत लिहून द्या. रात्रीचं जेवण किती वाढायचं ते त्यांना त्यावरून ठरवता येतं.