किवी ओम्नीकप: ओपी बाळासाठी घ्यावा का?

लेबर रूममध्ये बरीच वर्षं हा कप (बाळाच्या डोक्याला व्हॅक्यूमने चिकटवून ओढायचा) वापरतेय, त्यामुळे ओपी (बाळाचं तोंड वर, आईच्या पोटाकडे), ओटी (तोंड बाजूला) केसेसपुरतं मत देते. साध्या ओए (तोंड आईच्या पाठीकडे) बाळाला कुठलाही कप चालतो हो, खरी परीक्षा बाळाचं तोंड वर असतं तेव्हा. हनुवटी छातीला टेकलेली नसते आणि फ्लेक्शन पॉइंट, म्हणजे कप जिथे बसायला हवा ती, मागच्या टाळूच्या साधारण ३ सेमी पुढे कवटीच्या हाडांमधल्या मधल्या शिवणीवरची जागा, पार मागे माकडहाडाकडे गेलेली असते. सॉफ्ट बेल कप (घंटेसारखा मऊ कप) तिथवर पोचतच नाही, दांडा आडवा येतो, मग लोक मिळेल तिथे पुढेच चिकटवतात, डोकं आणखी वर उचललं जातं आणि कप सुटला की खापर कपावर!

ओम्नीकप चपटा, ५ सेमीचा, नळी लवचिक आणि कपातल्या खाचेत आडवी बसते म्हणून तो मागे सरकवता येतो. नळीवर ६ आणि ११ सेमीच्या खुणा आहेत, आधी बोटाने अंतर मोजून घेतलं तर कप किती आत गेला ते कळतं, मला यातलं हेच सगळ्यात आवडतं. पंप हातातच, मशीन ओढत आणायला नको. जागा बरोबर मिळाली की डोकं वाकतं आणि खाली येता येता आपलं आपण फिरतं. कप पिळून फिरवायचा नाही म्हणजे नाही, डोक्याची कातडी सोलून निघते.

उणी बाजू पण आहे. काही ट्रायल्समध्ये जुन्या कपांपेक्षा हा जास्त वेळा फेल गेलाय. आणि एकदाच वापरून फेकायचा, धुऊन परत वापरायचा नाही. ३४ आठवड्यांच्या आतल्या बाळाला मी तरी लावत नाही. डोकं पोटावरून अजून हाताला लागतंय किंवा तीन कळांत ओढूनही खाली येत नाहीये तर थांबा, सिझरची तयारी आधीच हवी.

डोक्यावरचा कपाचा फुगवटा बघून घरचे घाबरतात, तो बहुतेक वेळा एक-दोन दिवसात बसतो. पण शिवणी ओलांडून पसरणारी, हाताला पिलपिलीत लागणारी सूज वेगळी, ते सबगॅलिअल ब्लीडिंग (डोक्याच्या कातडीखाली, कवटीवर होणारा रक्तस्राव) असू शकतं, बालरोगतज्ज्ञांना तेव्हाच फोन करायचा, सकाळच्या राउंडची वाट बघत बसायचं नाही.